शाई जाते कुठे

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९

आज कामाला हात घातला. मुदत २७ नोव्हेंबर. म्हणजे पंचवीस दिवस. माझ्यासारख्याला दहा पुरेत, पण घाई नको.

२७ ला हिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. उजव्यानं, भिंग धरून, पेपरातले मथळे वाचते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय: ऑपरेशननंतर दृष्टी सुधारेल, आहे तशी राहील, किंवा आहे तीही जाईल. तिन्हींची तयारी ठेवा म्हणाले. म्हणून त्याआधी हिला तिच्या आईची पत्रं पुन्हा एकदा वाचायची आहेत. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. पत्रं एक्केचाळीस. शाईपेनानं लिहिलेली, मुंगीएवढं अक्षर, कागदाच्या दोन्ही बाजूंनी.

हिचं म्हणणं, तुम्ही रोज संध्याकाळी दोन-दोन वाचून दाखवा, म्हणजे झालं. मी हसलो. वाचून दाखवलेलं हवेत विरून जातं. मी प्रत्येक पत्र इतकं मोठं करून छापणार की हिला भिंग लागू नये. एका बाजूची चार पानं. एकूण ३२८ पानं, कापडी बांधणी, वर सासूबाईंचा रंगीत फोटो. बत्तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली आहे. त्या काळात एक कागद हरवला नाही, एक कागद भिजला नाही.

ही म्हणाली, बरं. हिचं 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही.

११.३०

पत्रं हिच्या पत्र्याच्या डब्यातून काढली. पत्रा गंजतो. फायलीत लावली, फीत बांधली, प्रिंटरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. डब्यावर ४१ लिहिलं होतं, ते फायलीवर उतरवून घेतलं. मोजत बसलो नाही. नोंद असली की मोजायचं कारण नसतं.

त्याआधी एक पत्र काचेवर ठेवून चाचणी कॉपी काढली होती. मधोमध पांढऱ्या रेघा. सासूबाईंची निम्मी वाक्यं गायब. शाई संपत आली आहे. तिथल्या तिथे काम थांबवलं. आधी मशीन नीट, मग पत्रं. प्रिंटरवर चादर टाकली. मशीन बरं होईपर्यंत काचेचं झाकण उघडायचं नाही, धूळ बसते.

३ नोव्हेंबर, सोमवार

कोपऱ्यावरच्या कार्ट्रिजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, काका, इथे ठेवून जा, संध्याकाळपर्यंत भरून देतो. मी विचारलं, त्यात करता काय? म्हणाला, शाई भरतो. म्हणजे सुईनं भोकात शाई घालायची. एवढ्यासाठी दुकान!

किट घेऊन आलो. चार बाटल्या, दोन सिरिंज, हातमोजे. निघताना तो मागून ओरडला, हळू भरा, आणि सारखं क्लीनिंग मारत बसू नका. धंदा बुडतोय म्हटल्यावर माणूस असं बोलतोच.

वाटेत ड्रिल मशीनही घेतलं. प्रिंटरची वायर टेबलाच्या कडेवरून लोंबते ते बरं दिसत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

टेबलाला भोक पाडलं. वायर भोकातून, ड्रॉवरच्या मागून, थेट खाली. खोली एकदम टापटीप. ड्रॉवरमध्ये लाकडाचा थोडा भुसा पडला, तो फुंकून काढला.

मग शाई. कागदावर लिहिलंय पाच मिली, सावकाश. अर्धवट काम आपल्याला आवडत नाही, नऊ घातली. भोकातून शाई वर आली आणि बुडबुडा होऊन माझ्याकडे बघत राहिली. पुसली. भोकावर चिकटपट्टी लावली. दोन थर.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोरी पानं. नऊ पानं छापली, नऊही कोरी.

कार्ट्रिजवाल्याला फोन केला. (माहिती म्हणून. मदत म्हणून नाही.) म्हणाला, भोक बंद केलंत का? हवा आत गेली नाही तर शाई बाहेर कशी येणार? पट्टी काढली. शाई बाहेर आली. सगळी एकदम.

हातमोजे किटमध्येच राहिले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हिनं विचारलं, स्वयंपाकघराच्या बटणावर काळं काय आहे? हिला ते दिसलं याचा अर्थ नजर सुधारतेय. तसं मी बोललोही. ही म्हणाली, दिसलं नाही, चिकट लागलं.

तसेच डाग दाराच्या कडीला, साखरेच्या डब्याला, आणि कसे कोण जाणे, माझ्या पाठीला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अखेर मार्ग सापडला. प्रिंटरमध्येच 'हेड क्लीनिंग' नावाची सोय आहे. बटण दाबलं की मशीन दोन मिनिटं आतल्या आत घरघरतं आणि तोंड साफ करून घेतं. तीनदा केलं. नमुन्याच्या पानावर सहा रेघा तुटक होत्या, चार राहिल्या. म्हणजे अजून सहा-सात वेळा केलं की काम झालं. साधा हिशोब.

वहीत नोंद सुरू केली. क्लीनिंग: ३.

८ नोव्हेंबर, शनिवार

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, पत्रं नुसती स्कॅन करून मला पाठवा, मी इथे छापून कुरियर करते. स्कॅनला शाई लागत नाही. मला माहीत होतं. पण घरचे कागद बाहेरच्या दुकानात छापायला द्यायचे? आणि चादर टाकलीय त्याचं काय? मी म्हटलं, काम अंतिम टप्प्यात आहे.

तिनं विचारलं, किती पानं झाली? म्हटलं, तयारी झाली.

मग तिनं आईला फोन द्यायला सांगितला. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. ही मधूनच म्हणत होती, जाऊ दे गं.

क्लीनिंग: ११.

११ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी

ही टेबलापाशी आली. म्हणाली, छापून होईपर्यंत नुसती हातात तरी द्या. दिली. पलंगावर बसून डोळे मिटून एकेक पत्र बोटांनी चाचपलं, घडी नाकाशी नेली. मग म्हणाली, चाळीसच आहेत.

मी सांगितलं, तुझी मोजण्यात चूक झाली. म्हणाली, मोजायला डोळे लागत नाहीत. परत मोजली. चाळीस. मी फाइल दाखवली. त्यावर ४१ लिहिलंय, म्हणजे ४१. हिला ते वाचता येत नव्हतं हा माझा दोष नाही.

पत्रं परत ड्रॉवरमध्ये. या वेळी कुलूप लावलं. कागदाला हाताचं तेल लागलं की आयुष्य कमी होतं. किल्ली पेनस्टँडमध्ये.

जाताना ही म्हणाली, त्यातलं एक तरी आज वाचा ना. मी म्हटलं, आता सगळी एकदमच.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी

यश! कोमट डिस्टिल्ड वॉटर, त्यात बुडवलेला टिश्यू, त्यावर कार्ट्रिजचं तोंड टेकवून दहा मिनिटं. वाळून बसलेली शाई आपोआप सुटते. टिश्यूवर निळं, लाल, पिवळं असं सुंदर त्रिकूट उमटलं. नमुन्याचं पान निर्दोष. एकही रेघ तुटक नाही.

वाळलेल्या शाईवर कोमट पाणी. हे सूत्र पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

लगेच छपाई सुरू करता आली असती. पण मुखपृष्ठाचा रंगीत फोटो आधी हवा. सासूबाईंचा चेहरा हिरवा आला. उद्या रंग जुळवू. कार्ट्रिज काढून खिडकीत वाळत ठेवली आहेत. खोकं, ओला टिश्यू, हवाबंद वगैरे किटच्या कागदात लिहिलंय, पण ऊन चांगलं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्ट्रिजची तोंडं दगडासारखी. एकाही रंगाची शाई उतरेना.

उन्हात नाही ठेवायची, हे कोणी सांगेल की नाही?

क्लीनिंग: २९. त्यात खोल क्लीनिंग ८. खोल क्लीनिंगमध्ये मशीन पाच मिनिटं घरघरतं. ऐकायला बरं नाही वाटत, पण औषध कडूच असायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.१५

प्रिंटरवर लाल दिवा. पडद्यावर अक्षरं: टाकाऊ शाईचा पॅड भरत आला आहे. सेवा केंद्राशी संपर्क साधा.

कंपनीवाल्यांची ही जुनी खोड. चांगलं चाललेलं मशीन अडवायचं आणि ग्राहकाला केंद्रात खेचायचं.

दुपारी ४

इंटरनेटवरून एक छोटा प्रोग्राम उतरवला. पॅड किती भरला याची मोजणी तो शून्यावर आणतो. एक बटण दाबलं. लाल दिवा गेला. पॅड: ० टक्के. रेकॉर्ड रूममध्ये उंदीर झाले होते तेव्हा उंदरांचं रजिस्टर मीच बंद केलं होतं, त्याची आठवण झाली. तक्रारी थांबल्या होत्या.

क्लीनिंग: ४०.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टेबलाच्या मागच्या पायाशी काळी रेघ. मुंग्या. पावडर टाकली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुंग्या जागच्या हलत नाहीत. पावडर उत्तम आहे.

संध्याकाळी हिनं पेपर समोर धरला, भिंग घेतलं, मग भिंग ठेवून दिलं. मी विचारलं काय झालं. म्हणाली, आज मथळा लागला नाही. नुसतं पेपराचं नाव लागलं, आणि तेही पाठ आहे म्हणून. मी पेपराची घडी घातली, उघडली, परत घातली. ते मशीनच्या काळजीनं असावं.

मग ती म्हणाली, एक विचारू? तुम्ही आतापर्यंत सहा बाटल्या आणल्यात. एक पान छापलं नाही. ती शाई जाते कुठे?

मी म्हटलं, यंत्राच्या आत एक व्यवस्था असते.

म्हणाली, किती मोठी?

बायकांना यंत्रातलं समजावणं अवघड. पण दुसऱ्या कामात लक्ष लागेना. दोनदा उठून मशीनकडे बघून आलो. चादरीखाली गप्प होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सातवी बाटली आणायला गेलो तर कार्ट्रिजवाला देईना. म्हणाला, काका, आधी मशीन उचलून खाली हात लावून बघा. प्रत्येक क्लीनिंगची शाई तळाच्या पॅडमध्ये जाते. तो फडक्यासारखा असतो. भरला की भरला. मी सांगितलं, माझ्या पॅडची मोजणी शून्य आहे. तो म्हणाला, आकडा शून्य आहे हो, पॅड नाही. मशीनखाली काही महत्त्वाचं ठेवलं नाहीये ना?

मी म्हटलं, टेबल आहे.

दुसऱ्या दुकानातून बाटली आणली.

मशीन उचलणार होतो. पण हलवलं तर जुळवलेलं सगळं बिघडतं.

क्लीनिंग: ५८.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ही म्हणते, त्या खोलीत वास येतो. ओल्या लोखंडासारखा. डोळे गेले की नाक तीक्ष्ण होतं असं ऐकलं होतं. पण डोळे अजून गेलेले नाहीत, हे मी निक्षून सांगितलं.

मुंग्यांची रांग आता भिंतीपर्यंत. रुंदीही वाढली. एकीवर पाय पडला. मोजा काळा झाला. मुंग्यांमध्येही रंग असतो हे नव्यानं कळलं.

मोजा धुवायला टाकला नाही. पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकला. का, ते लिहायची गरज नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२

नमुन्याचं पान निर्दोष! काळा, निळा, लाल, पिवळा, सगळ्या रेघा सरळ, अखंड. भिंतीवर लावलं. हिला हात धरून नेऊन दाखवलं. हिनं भिंतीला नाक लावलं तरी रेघा दिसेनात. पण कागदावरून हात फिरवून म्हणाली, छान. मग विचारलं, आता?

उद्या सकाळी सात वाजता छपाई सुरू. रोज ११० पानं, तीन दिवस, बुधवारी संध्याकाळी शेवटचं पान. मुदतीच्या आत. बांधणी ऑपरेशननंतर. लेकीला फोन करून सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. भारावली असावी.

क्लीनिंग: ७४. वहीत खाली दुहेरी रेघ मारली.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

ड्रॉवर अडकला आहे.

७.२५

उघडला.

८.००

शाई वायरच्या भोकातून आली. वायर धरून उतरली आणि ड्रॉवरमध्ये थांबली. जास्तीची टेबलाच्या पायावरून खाली गेली. मुंग्या नव्हत्या.

वरची बावीस पत्रं काळी. एकमेकांना चिकटलेली. उचलली तर ओल्या पोळीसारखी तुटतात. खालच्या अठरांच्या फक्त कडांना लागलंय, अक्षरं वाचता येतात. बावीस आणि अठरा चाळीस. एक कमी. तेही शाईनंच खाल्लं असेल.

ही स्वयंपाकघरातून विचारतेय, सुरू झालं का? मी ओरडून सांगितलं, तापतंय. म्हणजे मशीन.

ड्रॉवर लावून टाकला. हात साबणानं चार वेळा धुतले. निघत नाही.

११.००

घाबरून चालणार नाही. अठरा वाचली आहेत. अठरा म्हणजे १४४ पानं. तेवढंही पुस्तक होतं. हिला काही सांगायचं नाही, आधी कडा स्वच्छ करायच्या. वाळलेल्या शाईवर काय करायचं ते मला माहीत आहे. पहिल्या पानावर लिहिलंच आहे.

हिला सांगायला हवं, हे कळतं. पण डाग निघाल्यावर सांगितलेलं बरं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी

हे लिहायचं नव्हतं. पण नोंद ती नोंद.

ही शेजारी गेली तेव्हा टबात कोमट डिस्टिल्ड वॉटर घेतलं. एकेक करण्यात वेळ जाईल म्हणून अठराच्या अठरा एकदम बुडवली. आधी कडांचा काळा रंग सुटला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो. मग पाणी निळं व्हायला लागलं. प्रिंटरची शाई काळी होती.

सासूबाई शाईपेनानं लिहायच्या.

बाहेर काढेपर्यंत सगळं गेलं होतं. काळं काढायला गेलो आणि निळं काढलं. अठरा कोरे कागद. पलंगावर टॉवेल पसरून त्यावर वाळत घातले. का, माहीत नाही. कोरे कागद वाळवून काय करणार होतो?

ही आली ते कळलंच नाही. पलंगाच्या कडेला बसली आणि हात ओल्या कागदावर पडला. ओळखला. दुसरा चाचपला. तिसरा. मग बोटं उजव्या डोळ्याशी अगदी जवळ नेली आणि बराच वेळ बघत राहिली. बोटांना फिकट निळं लागलं होतं.

मी सगळं सांगितलं. पॅड, भोक, मुंग्या, पाणी. मध्ये दोनदा कंपनीला दोष द्यायला गेलो, पण वाक्य पुरं होईना. हिनं एकच विचारलं, वरची बावीस कुठे आहेत? मी हात धरून ड्रॉवरपाशी नेलं.

ही ओरडली असती तर बरं झालं असतं. हिनं आपल्या हातानं अठरा कागद गोळा केले आणि पत्र्याच्या डब्यात ठेवले. मग बावीसचा गठ्ठाही त्यात ठेवला. झाकण लावताना म्हणाली, या डब्याला कधी गंज चढला नव्हता हो.

मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

२६ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ६

हिनंच कार्ट्रिजवाल्याला फोन करून बोलावलं. म्हणाली, ते मशीन आजच घरातून जाऊ दे. तो आला. चादर काढली, खाली वर्तमानपत्रं पसरली, मशीन उचललं. तळातून अजून थेंब पडत होते. तिरकं करताना काचेचं झाकण उघडलं आणि तो म्हणाला, काका, इथे काहीतरी राहिलंय.

एक्केचाळिसावं पत्र. चाचणी कॉपीचं. दोन तारखेपासून काचेवर पालथं पडून होतं. कोरडं, स्वच्छ, एक डाग नाही. पंचवीस दिवसांत मी हात न लावलेली ही एकच जागा.

हिच्या हातात दिलं. घडी चाचपून म्हणाली, हो, हेच कमी होतं. मग परत माझ्या हातात ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

वाचलं. आमच्या लग्नानंतरचं पहिलंच पत्र. बागेतल्या लिंबाला फुलं आलीत, वडिलांचा खोकला थांबला, तुझी पिवळी साडी राहिलीय ती कोणाबरोबर तरी पाठवते. वाचायला सात मिनिटं लागली. एक्केचाळीस गुणिले सात म्हणजे पाच तासही होत नाहीत. हा हिशोब मी तोंडातल्या तोंडात केला.

वाचून झाल्यावर ही म्हणाली, एक ओळ गाळलीत.

मी म्हटलं, नाही.

म्हणाली, साडीच्या नंतरची.

ती ओळ वाचली. 'जावई फार हौशी आहेत, तेव्हा घरात काही बिघडलं तर आधी गुपचूप दुरुस्त करून घे आणि मगच त्यांच्या कानावर घाल.'

ही हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. मला एकदम हुरूप आला. म्हटलं, म्हणजे तुला पाठ आहेत की! मग बाकीचीही असतील. तू सांग, मी लिहून घेतो, सुंदर अक्षरात, एक वही करू.

ही म्हणाली, हे एकच पाठ होतं. बाकीची नव्हती.

उद्या सकाळी साडेसातला दवाखान्यात पोचायचं आहे. बॅग भरली आहे. हिनं सांगितलं, परत वाचा.

परत वाचलं. या वेळी ओळ गाळली नाही.